गोळीचं गाऱ्हाणं

मी डूख धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत विज्ञान शिकवते, घरी तुळशीला पाणी घालते, आणि माझ्या माणसाला कुणी वेडंवाकडं बोललं तर ते वीस वर्षं मुरत ठेवते, बरणीचं तोंड फडक्याने बांधून. सासरची माणसं मला घाबरतात असं नाही. ती फक्त माझ्यासमोर जपून बोलतात.

ही हकीकत माझ्या भाचीची, म्हणजे दादाच्या मुलीची. दादा-वहिनी आमच्या माहेरच्या वाडीत राहतात, पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागून वर. मी महाडात. भाची सत्तावीस वर्षांची, ठाण्याला एका ऑफिसात नोकरीला, दोन मैत्रिणींबरोबर राहणारी. माझा मुलगाही तिकडेच, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, समारंभांना दिवे आणि मंच उभारणाऱ्यांकडे कामाला. "ताईकडे लक्ष आहे ना तुझं?" असं मी त्याला दर फोनला विचारायची. "आहे गं आई," तो म्हणायचा. ते माझं शाळेच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना कौतुकाने सांगून झालं होतं.

मागच्या थंडीत भाचीचं लग्न ठरलं. मुलगा महाडातलाच, एमआयडीसीत केमिस्ट. सुपारी फुटली, साडी-नारळ झाला, लग्न वैशाखात धरलं. आणि एका रविवारी संध्याकाळी सहाला तिचा मला फोन आला.

"आत्या, तुझा आवाज किती मऊ आहे गं."

आता माझा आवाज असा की मी आठवीवर ओरडले की पलीकडच्या इमारतीतली पाचवी उभी राहते. तरी मी ते खरं मानलं. माणूस पन्नाशीला आला की कौतुकाची तपासणी करत नाही. पंचवीस मिनिटं ती बोलत होती. मी तिला लहानपणी न्हाऊ घालायचे ते, माझ्या हाताला येणारा शिकेकाईचा वास, मी तिला कधी मारलं नाही ते. मारलं होतं, पण मी मधे बोलले नाही. दातावर दात घासल्यासारखा आवाज येत होता, ते मी नेटवर्कवर ढकललं. पुढचे तीन दिवस मी घरात बारीक आवाजात बोलत होते. ह्यांनी विचारलं, "घसा बसलाय का?"

त्याच संध्याकाळी तिने होणाऱ्या सासूबाईंनाही फोन केला होता. तुम्ही मला आईपेक्षा जवळच्या वाटता, मी नोकरी सोडते, महाडला येऊन तुमच्याजवळ राहते. विहीणबाई विरघळल्या. बुधवारी त्यांनी खरेदीचा दिवस ठरवायला फोन केला, तर पलीकडे दुसरीच मुलगी.

"नोकरी सोडते असं मी कधी म्हटलं?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मग ती चिडली, मग रडायला लागली, मग "मला कुणी फोन करू नका" म्हणून फोन ठेवला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, रविवारी लाडीगोडी आणि बुधवारी रडारड. असं चारदा झालं. पाचव्या खेपेची वाट विहीणबाईंनी पाहिली नाही. मध्यस्थ साडी आणि नारळ घेऊन दादाच्या ओटीवर येऊन बसला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "त्यांचं म्हणणं असं की मुलगी रविवारी एक आन् बुधवारी दुसरीच. अंगात काय हाय का ते बघून घ्या."

नारळ परत येणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला समजवायला लागत नाही. पंधरा दिवसांत महाडच्या बाजारात भाची 'अर्धवट' झाली. मला कपड्याच्या दुकानात एकीने विचारलं, "तुमच्याच ना हो त्या?" मी तेव्हाच बरणी काढली.

माझा तर्क तयार होता. मुलगी आमची हसरी. आठवड्यातल्या आठवड्यात तिला असं कोण करणार? तो मुलगाच. फोनवर टोचून बोलत असणार, आणि आई मागून पढवत असणार. विहीणबाईंचा गोरा, गोल, समाधानी चेहरा मला त्या दिवसांत भाकरी थापतानाही दिसायचा, आणि माझ्या भाकऱ्या फार जोरात थापल्या जायच्या.

वाडीत वेगळा तर्क नव्हता, फक्त उपाय वेगळा होता. दादा म्हणाला, "गाऱ्हाणं घालू." आमच्या वाडीत ज्याचा निवाडा माणसांकडून होत नाही तो ग्रामदेवतेकडे जातो. बारा घरांतून एकेक माणूस देवळात येतो, देवापुढे नारळ ठेवतात, गुरव तक्रार बोलतो आणि सगळे 'व्हय देवा' म्हणतात. पुढे दोषी शोधणं देवाचं काम. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी याला विरोध करायला हवा होता. पण मला घाई होती.

गुरव नारळावर हात ठेवून म्हणाला, "बा देवा, जेणं कुणी आमच्या पोरीची ही दशा केली, त्याला सुबुद्धी दे."

मी मागून म्हटलं, "सुबुद्धी कशाला?"

गुरव वळला. "मग काय मागू, बाय?"

"ज्याने हे केलं, त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा लागू नये."

"आईनं काय केलंन?"

"जन्म दिला. आणि वर शेफारून ठेवला."

गुरवाने दादाकडे पाहिलं, दादाने खांबाकडे. शेवटी माझे शब्द जसेच्या तसे देवापुढे गेले, आणि बारा घरं 'व्हय देवा' म्हणाली. प्रश्नपत्रिका काढताना घेते तेवढी काळजी मी त्या शब्दांवर घेतली होती, पळवाट राहू नये म्हणून. महाडला येताना रस्ताभर मला छान वाटत होतं.

त्यानंतर आठवड्याभराने भाची आली. ऑफिसातून सुटी घेतली म्हणाली, पण खरं म्हणजे तिला तिथे बसवेना. मी वीर स्टेशनवर आणायला गेले. ओठ चावून चावून सोललेले, गाल आतून फुटलेला, त्यामुळे बोलताना तोंड वाकडं करत होती. रिक्षा हायवेला लागल्यावर तिला आठवलं की बॅग फलाटावरच राहिली. परत फिरलो. घरी आल्यावर मी विचारलं, चहा की कॉफी, तर तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणून ती रडायला लागली. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. एकच निरोप मला तीनदा सांगायची, आणि मी "सांगितलंस मघाशी" म्हटलं की माझ्यावरच खेकसायची. आमच्या घरात खेकसायचा मान माझा, त्यामुळे मला कळलं की हे साधं नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसवलं. मी दाराला जितकं जवळ बसता येईल तितकं बसले, तरी पंख्यामुळे काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने भाचीनेच आत बोलावलं. "तुम्हीच सांगा तिला," ती डॉक्टरांना म्हणाली.

"एक्स्टसी म्हणतात त्या गोळीला," डॉक्टर म्हणाले. "पार्ट्यांमध्ये घेतात. मेंदूत मन आनंदी ठेवणारी जी रसायनं असतात ती ही गोळी एकदम मोकळी सोडते. मग चार-पाच तास जो दिसेल तो आवडतो, सगळ्यांना मिठी मारावीशी वाटते, मनातलं सगळं बोलून टाकावंसं वाटतं. जबडा आवळतो, झोप उडते. आणि दोन-तीन दिवसांनी उतार येतो."

"म्हणजे वाडीतला झरा एका दिवसात उपसला," मी म्हटलं.

"तसंच काहीसं. आणि हिने तो भरायच्या आत परत परत उपसला. म्हणून उदासी, चिडचिड, विसरणं, साधी गोष्ट ठरवता न येणं. तरी थोडक्यात सुटली. त्या गोळीत काय काय घातलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अंग तापून माणसं गेलेली आहेत."

"वेड नाही ना?"

"नाही. गोळी थांबली, जेवण-झोप मार्गी लागली की बहुतेक सावरेल. काही आठवडे लागतील, कदाचित महिने. दर शनिवारी येऊ दे. तरी मन उभारी धरेना तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो, त्यात लाजायचं काही नाही."

खरं सांगते, मला पहिलं वाईट कशाचं वाटलं? माझा आवाज मऊ आहे असं गोळी म्हणाली होती, याचं. दुसरं मग भाचीचं. आणि तिसऱ्या क्षणाला मला चक्क आनंद झाला, कारण आता माझ्या हातात शस्त्र होतं.

"कुणी दिली?" मी रिक्षात विचारलं.

"राहू दे ना, आत्या."

"कुणी दिली ते सांग."

मला उत्तराची गरजही नव्हती. मुलगा केमिस्ट. रसायन केमिस्टाकडेच असणार. इतकी सरळ मांडणी माझ्या दहावीच्या मुलांनाही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी इरकली नेसून मी विहीणबाईंच्या घरी गेले. भाषण तयार होतं, तीन भागांत. त्यांनी पोह्यांची बशी हातात दिली, ती घेऊनच मी सुरू केलं. आमच्या मुलीला अर्धवट म्हणता, तुमच्या कुलदीपकाने तिला काय चारलं ते आधी विचारा, मग नारळ परत पाठवा. विहीणबाईंचा चेहरा पहिल्यांदाच थोडा लांबट झाला. त्यांनी मुलाला हाक मारली. तो दुसऱ्या पाळीसाठी बूट घालत होता, एक बूट घालून तसाच आला.

"काकू, मी कारखान्यात रंगाचे नमुने तपासतो," तो म्हणाला. "आणि त्या पहिल्या रविवारी मी तिथे नव्हतो."

"कुठे?"

"अलिबागकडच्या एका बंगल्यावर, पार्टीला. तिने मलाही बोलावलं होतं. माझी शिफ्ट होती. तिने फोटो पाठवला होता."

त्याने फोन पुढे केला. भर दुपारचं ऊन, हिरवळ, आणि माझी भाची एकाच्या गळ्यात हात टाकून. दोघांचे डोळे नुसते काळे, बाहुल्या पसरलेल्या. ज्याच्या गळ्यात हात होता त्याला मी नऊ महिने पोटात वागवलं होतं. फोटोखाली तिने लिहिलं होतं, माझ्या लाडक्या भावाने आज मला सगळं विसरायला लावलं.

"तेव्हा मला कळलं नाही," तो म्हणाला. "नंतर विचारलं तेव्हा तिने सांगितलं. आईला मी बोललो नव्हतो. तिचं नाव आणखी खराब झालं असतं."

सूड घ्यायला जावं आणि समोरचा सभ्य निघावा, यासारखी नामुष्की नाही. मी त्या मुलाचा अजूनही राग करते, फक्त कारण बदललं आहे. विहीणबाई मुलाकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे. त्यांना एवढंच म्हणावंसं वाटलं, "पोहे घ्या, गार होतील." मी सगळी बशी संपवली. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून माझी झोप गेली. ह्यांनी रक्तदाब मोजून घ्यायला लावला. तो उत्तम होता. मला ठाऊक होतं काय झालंय. देवाने पत्ता शोधला होता, आणि माझ्या शब्दांत पळवाट नव्हती.

मुलाला बोलावून घेतलं. तो शनिवारी आला, सोफ्यावर अगदी कडेला बसला.

"एकच दिली होती, आई. सगळेच घेत होते. ताई लग्नाच्या टेन्शनमध्ये होती. म्हटलं एक दिवस मोकळी होईल."

"आणि तू?"

"मी पण घेतली होती."

"ताईकडे लक्ष आहे म्हणायचास."

"होतं की. दिवसभर तिला पाणी देत होतो."

मी त्याला मारलं नाही. दोन दिवस सकाळी कारलं आणि संध्याकाळी शेपू केला, आणि तो खाईपर्यंत समोर बसले. त्याने भाचीची माफी मागितली, तर ती म्हणाली, "नंतर बोलू." तेवढ्यावर माझं समाधान होईना. पण त्याला शाप द्यायचा तर तो आधीच माझ्यावर येऊन बसला होता.

म्हणून मी एकटीच वाडीत गेले, गुरवाला गाठलं आणि विचारलं, "गाऱ्हाण्यात थोडी दुरुस्ती करता येईल का?"

"कसली?"

"आईच्या जागी दुसरं कुणी घालता येईल का?"

तो हसला नाही, यात त्याचा मोठेपणा. "देवाकडे दुरुस्ती नाय, बाय. घातलं तर घातलं, काढलं तर काढलं. आन् काढायचं झालं तर ज्या बारा घरांनी व्हय म्हटलं, त्यांच्यासमोर कारण सांगायला लागतं."

कारण सांगायचं म्हणजे माझ्या मुलाचं नाव सांगायचं. न सांगावं तर भाची अंगात काहीतरी असलेलीच राहणार, तीही स्वतःच्या वाडीत. मी आठ दिवस गप्प बसले. माझं न्यायावर किती प्रेम आहे ते मला त्या आठ दिवसांत कळलं. मुलाचंही कधीतरी लग्न करायचंय, असा विचार मी रोज करत होते, आणि रोज तो विचार मला अगदी वाजवी वाटत होता.

मग भाचीला घेऊन मी वहिनीकडे गेले. शेजारची सून तिचं तान्हं घेऊन ओटीवर आली. भाचीने हात पुढे केले, सवयीने तान्हं तिच्या मांडीवर गेलं. तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारखं करून सुनेने ते उचललं. "भूक लागली असंल त्याला," ती म्हणाली. तान्हं गाढ झोपलेलं होतं. भाची रिकामे हात मांडीवर तसेच ठेवून बसून राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी बारा घरं देवळात होती. मुलगा माझ्या सांगण्यावरून आला होता, आणि बोलायचंही त्यानेच, हे मी ठरवलं होतं. एवढा सूड मी सोडणार नव्हते. तो उभा राहिला आणि खाली फरशीकडे बघत सगळं बोलला. गोळी काय असते, ती कुठे दिली, मग ताईला बुधवारी काय व्हायचं. "ताईला काय झालेलं नाय," शहरात पाच वर्षं काढूनही घाबरल्यावर तो वाडीचं बोलायला लागला. "माझ्यामुळं झालं."

भाची खांबाला टेकून बसली होती. ती उठली. "पहिली त्याने दिली. पुढच्या तीन मी दुसऱ्यांकडून मागून घेतल्या."

आमची म्हातारी चुलती पुढे सरकली. "चव कशी असतं गो?"

"कडू."

"मग परत परत का खाल्लीस?"

"आजी, त्या दिवशी मला कुणाचाच राग यायचा नाही. भीती वाटायची नाही. लग्नाची पण."

"आन् मग?"

"मग बुधवारी सगळं एकदम यायचं."

"आमच्या घरातल्यांना दारूनं असंच व्हायचं," चुलती म्हणाली. "फकत त्यांचा बुधवार लगेच सकाळी यायचा." दोघीतिघी हसल्या, भाचीही हसली, आणि शेजारच्या सुनेने मान खाली घातली. ते मी नीट पाहून ठेवलं.

गुरव मला म्हणाला, "आता तीनदा म्हण, मागं घेतलं."

पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा माझं तोंड उघडेना. नारळ परत पाठवणारी ती बाई, ते दुकान, तो 'अर्धवट' शब्द, सगळं या एका वाक्यात सुटून जाणार होतं.

"मनातून येत नाहीये," मी गुरवाला हळूच म्हटलं.

"मनाचं कोण विचारतोय? तोंडानं म्हण."

तोंडाने म्हटलं. त्याने नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या मुलाच्या हातात दिला, तशीच रीत आहे म्हणे. मला ती रीत अजिबात आवडली नाही.

घरी येताना रिक्षात मी भाचीला सांगत होते की आता माझ्या मुलाचं पुढे काय काय करायचं, माझ्याकडे यादी होती. तिने मला मधेच थांबवलं.

"तुझा राग तू ठेव, आत्या. माझा मी काढते."

पुढचे अडीच महिने ती माझ्याकडेच होती, घरातून कॉम्प्युटरवर काम करत. दर शनिवारी डॉक्टर. त्या केमिस्ट मुलाकडचं पुन्हा विचारणं आलं, मध्यस्थच आला. तिने सांगितलं, सध्या मी चहा की कॉफी एवढंच ठरवते. आणि माझ्या मुलाला तिने एक काम लावून दिलं. दर बुधवारी संध्याकाळी सातला त्याने फोन करायचा, आणि ती ठेवेपर्यंत ठेवायचा नाही. मधे समजूत घालायची नाही, सॉरी म्हणायचं नाही. ऐकायचं.

पहिल्या बुधवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. ती त्याला काय काय बोलली. लग्न मोडलं ते, ऑफिसात चुकलेल्या गोष्टी, तान्ह्या पोराचं ते, आणि मधेच तिसरीत असताना त्याने तिची पेन्सिल मोडली होती तेही. चाळीस मिनिटं. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं, आणि तरी हे जास्त जोराने लागत असणार, असं वाटून मला बरं वाटलं. मी आत जाऊन त्याच्या आवडीची आमटी फोडणीला टाकली. मग आठवलं की तो इथे नाही, आणि ती आमटी आम्ही दोघींनीच खाल्ली.